घडवलेले शरीर, गृहीत धरलेली नजर

‘मेटल गिअर सॉलिड ५’ या गेममध्ये क्वाएट नावाची एक नेमबाज स्त्री आहे. काळ १९८४चा, जागा अफगाणिस्तान, आणि काम सोव्हिएत फौजेच्या तळांवर दुरून नेम धरण्याचे. तिच्या आजूबाजूचे पुरुष बूट, जाकीट, पट्टे, हातमोजे अशा पूर्ण जामानिम्यात आहेत. क्वाएटच्या अंगावर, बूट-हातमोजे सोडले तर, बिकिनीचा वरचा तुकडा आणि फाटलेले तलम मोजे एवढेच. २०१३ मध्ये तिचे हे रूप लोकांसमोर आले तेव्हा टीका झाली. गेमचे दिग्दर्शक हिदेओ कोजिमा यांनी उत्तर दिले की, ती अशी का दिसते याचे कारण कळेल तेव्हा टीकाकारांना आपल्याच बोलण्याची लाज वाटेल. २०१५ मध्ये गेम आला आणि कारण कळले. गंभीर भाजल्यानंतर परजीवींच्या उपचाराने वाचलेली क्वाएट त्वचेतून श्वास घेते, पाणीही त्वचेतूनच घेते. अंग झाकले तर ती गुदमरेल.

हे कारण पडताळून पाहण्याची सोय त्याच मालिकेत आहे. २००४ च्या तिसऱ्या भागात ‘द एंड’ नावाचा शंभरी ओलांडलेला एक नेमबाज आहे. तोही अशाच परजीवींच्या बळावर, वनस्पतींसारखा सूर्यप्रकाशावर जगतो. तो मात्र अंगभर कपड्यांत वावरतो आणि कोणालाही त्यात विसंगती वाटली नाही. शिवाय क्वाएटला कपडे नसण्याचे कारण मान्य केले, तरी हेलिकॉप्टरमध्ये समोरच्या बाकावर बसलेल्या तिच्या छातीपाशी कॅमेरा का घुटमळतो, याचे उत्तर त्या कारणात कुठेच मिळत नाही. रूप आधी ठरले आणि गोष्ट त्याला नंतर जोडली, असाच निष्कर्ष यातून निघतो.

व्हिडिओ गेममधल्या स्त्री-पात्रांविषयीचा वाद बहुतेक वेळा कपड्यांच्या लांबीरुंदीवर येऊन अडकतो. एक बाजू म्हणते, हे बीभत्स आहे. दुसरी म्हणते, खेळ आहे, कल्पनाविलास आहे, सोडून द्या. मला हा वाद महत्त्वाचा वाटतो, आणि म्हणूनच तो चुकीच्या जागी लढला जातो याचे वाईट वाटते. प्रश्न असा आहे की हे शरीर घडवताना घडवणाऱ्यांनी पडद्यासमोर कोण बसले आहे असे गृहीत धरले होते? आणि त्या गोष्टीत या स्त्रीला पाहिले जाण्यापलीकडे काही काम आहे का?

गेममधले शरीर सिनेमातल्या शरीरासारखे नसते. सिनेमात एक जिवंत नटी असते. तिची उंची, तिचे वय, तिचा आवाज तिच्यासोबत येतो. गेममध्ये यातले काहीही आपोआप येत नाही. संकल्पना-चित्रकार आकृती काढतो, मॉडेलर तिला त्रिमिती रूप देतो, आत हाडांचा सांगाडा बसवला जातो, ॲनिमेटर चाल ठरवतो, केस आणि कापड किती हलेल याचे वेगळे गणित मांडले जाते. १९९६ च्या ‘डेड ऑर अलाइव्ह’ या मारामारीच्या गेममध्ये स्तनांच्या हालचालीसाठीही असे काम केले गेले आणि मालिकेची ओळखच त्यावरून बनली. पुढे कॅमेराही कोणीतरी बसवतो. पात्राच्या पाठीमागे कॅमेरा असलेल्या गेममध्ये खेळाडू तीस-चाळीस तास त्या पात्राची पाठच पाहत असतो. कॅमेरा किती उंचीवर असावा, शिडी चढताना कुठे जावा, हे माणसे बसून ठरवतात. ज्या वस्तूतला कणन् कण निवडून ठेवलेला आहे, तिच्याबद्दल ‘ती अशीच असते’ असे म्हणता येत नाही. निवड केली की तिची जबाबदारी आली, आणि जबाबदारी आली की तिच्याविषयी विचारणेही रास्त ठरते.

या निवडीचा इतिहास बोलका आहे. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये माकडाने पळवलेली स्त्री वर उभी राहून मदतीची वाट पाहते. ‘मिस पॅकमन’ला पुरुषापासून वेगळे दाखवायचे म्हणून एका पिवळ्या गोळ्यावर रिबिनीचा बो, लिपस्टिक आणि तीळ चढवला गेला. म्हणजे पुरुष हा मूळ आकार आणि स्त्री म्हणजे त्यावरची सजावट. १९८६ मध्ये निन्टेन्डोचा ‘मेट्रॉइड’ आला. जाड चिलखतातला अंतराळयोद्धा सॅमस अरान ही स्त्री आहे, हे गेम संपल्यावर उघड होत असे. त्या काळात ही मोठी गोष्ट होती, आणि कित्येक मुलांना त्या क्षणी खरोखर धक्का बसला असणार. पण तो उलगडा कसा रचला होता तेही पाहिले पाहिजे. पाच तासांच्या आत गेम पुरा केला तर ती शिरस्त्राण काढते, तीन तासांच्या आत केला तर चिलखत उतरवते, आणि एका तासाच्या आत केला तर बिकिनीत दिसते. जितके कौशल्य जास्त तितके कपडे कमी. सॅमसचे स्त्री असणे हे खेळाडूला द्यायचे बक्षीस होते. सगळा पराक्रम तिचा, आणि तिच्या शरीरावरचा हक्क मात्र खेळणाऱ्याचा.

लारा क्रॉफ्टची कथा याहून गुंतागुंतीची आहे. इंग्लंडमधल्या डर्बी शहरातल्या कोअर डिझाइन या स्टुडिओत टोबी गार्ड यांनी तिला घडवले आणि १९९६ मध्ये ‘टूम रेडर’ बाजारात आला. बुद्धिमान, एकटीने फिरणारी, कोणाच्या सुटकेची वाट न पाहणारी नायिका लाखो मुलींना पहिल्यांदा मिळाली. पण जाहिरातींनी तिचे धाडस बाजूला सारून तिच्या शरीरावरच भर दिला. तिच्या या वाटचालीवर नाराज असलेले गार्ड दुसरा भाग पुरा होण्याआधी, १९९७ मध्ये स्टुडिओ सोडून गेले. मुलींनी लारावर प्रेम केले हे खरे आहे आणि तिला पुरुषांच्या नजरेसाठी विकले गेले हेही खरे आहे. यातली एक बाजू सांगताना दुसरी दडवली, तर वाद पुढे सरकत नाही.

आता कपडे वाढवले की प्रश्न सुटतो, असे मानणाऱ्यांनी २०१३ चा ‘टूम रेडर’ पाहावा. नव्या अवतारात लारा तरुण, अनुभवाने कच्ची आणि अंगभर कपड्यांत होती. ऱ्हियाना प्रॅचेट या लेखिकेने तिला मन दिले, भीती दिली, मैत्रिणीबद्दलची ओढ दिली. हे सगळे मोलाचे आहे. पण २०१२ मध्ये गेमची ओळख करून देताना कार्यकारी निर्माते रॉन रोझेनबर्ग म्हणाले की, खेळाडू लाराच्या जागी स्वतःला पाहत नाहीत, त्यांना तिचे रक्षण करावेसे वाटते. त्याच सुमारास तिच्यावरच्या लैंगिक हल्ल्याच्या प्रसंगावरूनही वादळ उठले. म्हणजे नजर बदलली नव्हती, फक्त तिचा सूर बदलला होता. पूर्वी लारा न्याहाळण्याची वस्तू होती, आता सांभाळण्याची झाली. पडद्यासमोर पुरुषच बसला आहे हे गृहीतक दोन्ही वेळा जागच्या जागी होते. बाई स्वतः लारा होऊन डोंगर चढत असेल, हे त्या वाक्यात कोणाच्या ध्यानातच आलेले नाही.

उलट बाजूने ॲबीचे उदाहरण घ्या. २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागातली ही स्त्री सैनिक आहे. तिचे दंड जाड आहेत, खांदे रुंद आहेत, वेणी साधी आहे. बापाच्या खुनाचा सूड घेण्यासाठी तिने अनेक वर्षे शरीर कमावले आहे आणि ते कमावलेपण तिच्या प्रत्येक हालचालीत दिसते. पात्राचे शरीर त्याच्या आयुष्यातून कसे उगवावे याचा हा वस्तुपाठ आहे. त्यावर प्रतिक्रिया काय आली? स्त्रीचे शरीर असे असूच शकत नाही, असा गहजब झाला. तिला आवाज देणाऱ्या लॉरा बेली यांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या. पात्राने गोष्टीत केलेल्या कृत्याचा रागही त्यात होता, पण तिच्या दंडांवर जे लिहिले गेले त्याचा कथेशी संबंध नव्हता. अनेकांना खुपत होते ते हेच की हे शरीर त्यांच्या डोळ्यांना सुखावण्यासाठी घडवलेले नव्हते.

यावर नेहमी एक आक्षेप येतो: पुरुष पात्रेही अवास्तवच असतात. ‘गॉड ऑफ वॉर’च्या क्रेटोसचे स्नायू कोणाचे असतात? आक्षेप अगदीच फोल नाही, पण तो अर्ध्या वाटेवर थांबतो. क्रेटोसचे स्नायू पाहून खेळणाऱ्या पुरुषाला ‘मी असा असतो तर’ असे वाटावे म्हणून ते रंगवलेले असतात. क्वाएटची छाती पाहून खेळणाऱ्या बाईला ‘मी अशी असते तर’ असे वाटावे, हा हेतू नसतो. एक अतिशयोक्ती ताकद देते, दुसरी उपलब्धता दाखवते. पुरुषांना म्हातारे, जाडे, व्रण पडलेले, कुरूप, थकलेले असण्याची मुभा आहे आणि तरीही ते नायक असतात. साठीतली स्त्री मुख्य पात्रांत असणे अजूनही इतके विरळा आहे की २०१६ मध्ये ‘ओव्हरवॉच’ने अ‍ॅना ही इजिप्शियन वृद्धा आणली तेव्हा ती बातमी झाली.

तरीही शृंगार हाच गुन्हा मानायला मी तयार नाही. २००९ च्या ‘बेयोनेटा’ची नायिका उघडउघड मादक आहे. तिचा पोशाख तिच्या केसांचाच बनलेला आहे आणि मोठा वार करताना तो विरतो. तिची आकृती मारी शिमाझाकी या स्त्री चित्रकाराने घडवली. अनेक बायकांना ती मोकळी आणि मस्तीखोर वाटते, अनेकींना ती तरीही पुरुषांच्याच नजरेची निर्मिती वाटते. दोघींचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. पण एवढे नक्की की बेयोनेटाची मादकता तिच्या स्वभावाचा, तिच्या लढण्याचा, तिच्या विनोदाचा भाग आहे. ती कोणाच्या कॅमेऱ्यापुढे नकळत सापडलेली नाही. दुसरीकडे २०२४ मध्ये आलेल्या ‘लव्ह अँड डीपस्पेस’ या चिनी गेममध्ये बायकांना आवडावेत म्हणूनच देखणे पुरुष घडवले आहेत आणि बायका ते आवडीने खेळतात. पाहण्याची इच्छा माणसाला असतेच. तक्रार आहे ती मक्तेदारीची. एकाच प्रकारच्या खेळाडूची इच्छा हा सगळ्यांसाठीचा नियम मानला जातो आणि बाकी सगळ्यांनी त्याच्या घरात पाहुणे म्हणून राहायचे, असा इथला रिवाज आहे.

चांगली टीका कशी असते याचाही दाखला ‘ओव्हरवॉच’मध्येच आहे. मार्च २०१६ मध्ये, गेम बाजारात येण्याआधी, ट्रेसर या पात्राच्या विजयमुद्रेवर एका खेळाडूने आक्षेप घेतला. पाठमोरी उभी राहून, खांद्यावरून मागे पाहत, नितंबांना उठाव देणारी ती मुद्रा होती. आक्षेप अंगप्रदर्शनावर नव्हता. विडोमेकर या मोहक मारेकरी पात्राला ती शोभली असती, असे त्याने स्वतःच म्हटले होते. पण ट्रेसर खट्याळ आहे, चपळ आहे, आणि या मुद्रेत तिच्या स्वभावातले काहीच नाही, हा मुद्दा होता. दिग्दर्शक जेफ कॅप्लन यांनी मुद्रा बदलली आणि आम्हालाही ती पटत नव्हती असे सांगितले. नवी मुद्राही जुन्या पिन-अप चित्रांच्या धाटणीची होती, म्हणजे ती सोज्वळ झाली नाही. ती ट्रेसरची झाली. इतका नेमका आक्षेप आणि इतका नेमका बदल असतानाही त्याला सेन्सॉरशिप म्हणणारे निघाले. कलाकृती प्रसिद्ध करणाऱ्याला स्वातंत्र्य असते, तसे ती पाहणाऱ्यालाही बोलण्याचे असते. टीका ऐकून कलावंताने आपल्या मनाने बदल करणे याला दडपशाही म्हटले, तर खऱ्या दडपशाहीसाठी शब्दच उरणार नाही.

खरी दडपशाही कशी दिसते हे २०१२ नंतर सगळ्यांनी पाहिले. अनिता सार्कीझियन यांनी गेममधल्या स्त्रियांच्या चित्रणावर व्हिडिओंची मालिका करण्यासाठी सहा हजार डॉलरची मदत मागितली. लोकांनी दीड लाखाहून अधिक डॉलर दिले आणि त्याच वेळी शिव्या, बलात्काराच्या आणि खुनाच्या धमक्या यांचा मारा सुरू झाला. त्यांच्या चेहऱ्यावर बुक्के मारण्याचा एक गेमही कोणीतरी बनवला. ऑक्टोबर २०१४ मध्ये युटा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या त्यांच्या भाषणापूर्वी गोळीबाराची धमकी आली. तिथल्या कायद्यानुसार परवाना घेऊन शस्त्र बाळगणाऱ्याला सभागृहात येण्यापासून रोखता येत नव्हते, म्हणून त्यांनी भाषण रद्द केले. त्यांच्या प्रत्येक मताशी सहमत होण्याची गरज नाही. पण पात्रांविषयी बोलणाऱ्या बाईला जिवाची भीती घालावी लागते, यावरून ही पात्रे काहींच्या लेखी नुसता कल्पनाविलास नाहीत एवढे तरी सिद्ध होते.

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांना एक गोष्ट सांगायची आहे. असे गेम खेळून मुलगे स्त्रीद्वेष्टे होतात, हे विधान आपण फार सहज करतो. पुरावा त्याला पुरेसा आधार देत नाही. जर्मनीत आठशेहून अधिक खेळाडूंचा तीन वर्षे माग काढणारा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. गेम खेळणे आणि लैंगिक भेदभावाची मते यांत त्याला संबंध आढळला नाही. २०२२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संशोधनातही असाच निष्कर्ष निघाला. मग सगळा युक्तिवाद कोसळतो का? अजिबात नाही. सुमार कादंबरीने कोणाचा खून पडत नाही, तरी तिला सुमार म्हणण्याचा अधिकार वाचकाला असतो. एखाद्या माध्यमात निम्म्या मानवजातीला सतत ठरावीक साच्यात बसवले जात असेल, तर त्याची तक्रार करायला गुन्ह्यांची आकडेवारी लागत नाही. कलेतला आळस आणि कलेतला अन्याय एवढी कारणे पुरेशी आहेत.

आळसाचा एक नमुना सांगतो. २०१४ मध्ये युबिसॉफ्टने ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ जाहीर केला. फ्रेंच राज्यक्रांतीतला हा गेम चौघांनी मिळून खेळता येत होता, आणि चारही मारेकरी पुरुष. स्त्री पात्र का नाही, असे विचारल्यावर ॲनिमेशनचे काम दुप्पट झाले असते, असे उत्तर मिळाले. त्याच मालिकेवर पूर्वी काम केलेले ॲनिमेटर जोनाथन कूपर यांनी हे एक-दोन दिवसांचे काम असल्याचे जाहीरपणे सांगितले. त्या राज्यक्रांतीतली सर्वांत प्रसिद्ध मारेकरी शार्लट कोर्दे ही स्त्री होती. १७९३ मध्ये तिने मारा या नेत्याला त्याच्या स्नानाच्या टबमध्ये भोसकले. इतिहास हाती असूनही ज्यांना स्त्री सुचत नाही, त्यांची अडचण तांत्रिक नसते. २०२० मध्ये ब्लूमबर्गने दिलेल्या वृत्तात या मालिकेच्या पुढच्या भागांतही नायिकांना कसे मागे सारले गेले ते आले. स्त्री नायिका खपत नाही, अशी वरच्या वर्तुळात समजूत होती. दरम्यान ‘होरायझन झीरो डॉन’च्या अ‍ॅलॉयने ती समजूत खोटी ठरवली. त्या गेमच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या.

आपल्याकडे हा वाद येतो तेव्हा त्याला एक धोकादायक वळण लागते. पात्राच्या कपड्यांवर आक्षेप घेतला की लगेच मर्यादा आणि संस्कृती हे शब्द पुढे येतात. २०१२ च्या सुमारास ‘स्माइट’ या अमेरिकी गेममध्ये काली लढाऊ पात्र म्हणून आली, तोकड्या वस्त्रांत आणि गुळगुळीत देहाची. काही हिंदू प्रतिनिधींनी देवतेचा अपमान म्हणून ती काढून टाकण्याची मागणी केली. माझा आक्षेप त्यांच्यापेक्षा वेगळा आहे. काली परंपरेतच दिगंबर आहे. मुंडमाळ घातलेली, जीभ बाहेर काढलेली, बघणाऱ्याचा थरकाप उडवणारी आहे. दख्खनमध्ये सापडणारी लज्जागौरी पूर्ण नग्न आहे आणि तिची पूजा होते. रा. चिं. ढेऱ्यांनी तिच्यावर आख्खा ग्रंथ लिहिला. या देवतांची नग्नता भक्ताला खूश करण्यासाठी नाही, ती त्यांच्या सामर्थ्याची आहे. ‘स्माइट’ने कालीला उघडी दाखवली हे चुकले नाही. तिच्यातले भय काढून घेतले आणि तिला आकर्षक केली, हे चुकले. मर्यादेच्या नावाने बोलणारा आणि बाजाराच्या नावाने बोलणारा, दोघेही स्त्रीच्या शरीराला पुरुषाच्या संदर्भातच पाहतात. एकाला ते झाकायचे असते, दुसऱ्याला ते विकायचे असते. स्त्रीवादी टीकेने या दोघांपासूनही अंतर राखले पाहिजे, नाहीतर तिचे शब्द उद्या एखाद्या मुलीला खेळण्यापासून रोखायला वापरले जातील.

आणि दुसरा मार्ग आहे, तो पुण्यातल्या माणसांनी दाखवला आहे. नॉडिंग हेड्स या पुण्याच्या छोट्या स्टुडिओने २०२० मध्ये ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम आणला. नायिका राजी ही कसरती करून पोट भरणारी मुलगी. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला सोडवायला ती निघते. पळवलेली राजकन्या आणि सोडवायला निघालेला वीर हा चाळीस वर्षांचा साचा इथे उलटा झाला आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिचे लढणे तिच्या धंद्यातून आले आहे. ती खांबाभोवती गिरकी घेते, भिंतीवरून धावते, उडी मारून शत्रूच्या मागे उतरते. डोंबाऱ्याच्या खेळातले अंगचे कसब तिच्या हाती त्रिशूळ आला की युद्धकला होते. कॅमेरा लांब आणि उंच आहे, कारण त्याला तिची झेप आणि भोवतालचे महाल दाखवायचे आहेत. जागतिक गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र गेमसाठी त्याला नामांकन मिळाले. गेममध्ये उणिवा आहेत, पण ही मुलगी कोण आहे आणि तिचे अंग असे का आहे, या प्रश्नांची उत्तरे तिच्या हालचालींतच मिळतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. गेम बनवणाऱ्यांनी प्रत्येक पात्राबद्दल स्वतःला विचारावे: हिचे शरीर हिच्या आयुष्याने घडवले आहे की आम्ही गृहीत धरलेल्या गिऱ्हाइकाने? स्टुडिओत निर्णय घेणाऱ्यांत बायका असाव्यात, आणि त्यांच्यावर केवळ नायिका गोड करण्याचे काम नसावे. मादक पात्रे असोत, सोबत जाडी, म्हातारी, काळी, अपंग, भांडखोर, कंटाळवाणी, भित्री अशाही असोत, आणि त्यांना मुख्य भूमिका मिळोत. खेळणाऱ्यांनी टीका ऐकताना ती आपल्या आनंदावर घाला मानू नये. ज्याला आजवर सगळे वाढून दिले गेले, त्याच्या शेजारी दुसऱ्या कोणाचे पान मांडले तर त्याच्या ताटातले काही कमी होत नाही.

आपल्याकडे मोबाइलवर गेम खेळणाऱ्या कित्येक मुली आजही आवाज बंद ठेवून, पुरुषी नाव घेऊन खेळतात. आपण बाई आहोत हे कळले की खेळ बाजूला राहतो आणि आपणच खेळाचा विषय होतो, हे त्यांना ठाऊक असते. पडद्यावरच्या बाईकडे कसे पाहायचे हे वर्षानुवर्षे ठरवून दिलेल्या जगात त्यांनी हा सावधपणा शिकून घेतला आहे. पात्रे बदलली की एका रात्रीत हे थांबेल असा दावा मी करत नाही. पण पात्रे घडवणे पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि जे हातात आहे ते नीट करण्यापासूनच सुरुवात करावी लागेल.